जर्मनीचा स्टुडंट व्हिसा की पोर्तुगीज पासपोर्ट? डिचोलीच्या एका पालकांना सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मी समजले तसा आधी मांडते. मुलीने फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल पूर्ण केले, जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात तिला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला आहे आणि ऑक्टोबरमध्ये सेमिस्टर सुरू होते. तुमच्या हाताशी सात-आठ लाख रुपये आहेत. ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाचा खर्च आधीच बाजूला ठेवायच्या खात्यासाठी, लागणारी रक्कम त्याहून जास्त, बारा लाखांच्या घरात. अशात म्हापशाचे नातेवाईक सांगतात, "आजोबा पोर्तुगीज काळात जन्मलेले, पोर्तुगीज पासपोर्ट काढून टाका, व्हिसाही नको आणि पैसे अडकवणेही नको." आणि शेवटी तुमच्या पत्नीची भीती: व्हिसा सहाच महिन्यांचा मिळतो म्हणतात, मग शिक्षण अर्धवट टाकून मुलीला परत पाठवतील काय?

फोंड्यात बसून मी बरीच वर्षे अशा मुलांच्या फायली तयार करून देते. तुमच्या प्रश्नात मला तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या दिसतात. नागरिकत्व म्हणजे मुलगी कोणत्या देशाची, ते. व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारातून आत जाण्याची परवानगी. रेसिडन्स परमिट म्हणजे आत गेल्यावर तिथे राहण्याची परवानगी. शेवटच्या दोन्ही गोष्टी दोन-तीन वर्षांच्या आहेत. पहिली जन्मभराची आहे. बारा लाखांची अडचण सोडवायला जन्मभराचा निर्णय घेऊ नका, हे माझे स्पष्ट मत आहे. ते का, ते आधी सांगते.

गोवेकरांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली आहे, यात नातेवाईक चुकीचे बोलत नाहीत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांची आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात होऊ शकते. तो पासपोर्ट हाती आला की माणूस युरोपीय संघाचा नागरिक होतो. जर्मनीत राहायला, शिकायला, काम करायला त्याला व्हिसा लागत नाही, ब्लॉक्ड अकाउंटही लागत नाही. इथवर सगळे बरोबर.

पण वेळेचे गणित मांडून बघा. नोंदणी पिढीपिढीने होते. आधी आजोबांच्या जन्माची नोंद, लग्नाची नोंद, मग तुमची, मग मुलीची. वरची कडी बसल्याशिवाय खालची बसत नाही. आजोबांचा जुना दाखला बहुधा पोर्तुगीज भाषेत असणार. नाईक हे आडनाव त्यात 'क्यू' घालून लिहिलेले, गावकरांच्या स्पेलिंगमध्ये 'के'च्या जागी 'सी', वडिलांचे नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे घरोघरी सापडते. ते सगळे जुळवून, भाषांतर करून, अपोस्टिल (कागद परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का) करून लिस्बनला पाठवायचे आणि वाट बघायची. येत्या ऑक्टोबरच्या आत हे होणे शक्य नाही. "सहा महिन्यांत करून देतो" असे सांगणारा एजंट भेटला तर त्याच्याकडे लेखी मागा. तो देणार नाही.

आणि समजा वेळ असता, तरी दुसरी बाजू आहे. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ च्या नवव्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. "नुसती नोंद करून ठेवू, पासपोर्ट मागाहून बघू" हा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. पण कायदा बघतो ते नागरिकत्व, हातात पुस्तिका आली की नाही ते नव्हे. नोंद उघड झाल्यावर पासपोर्ट कार्यालयाने भारतीय पासपोर्ट रद्द केल्याच्या घटना गोव्यात घडलेल्या आहेत. २०२४ मध्ये केंद्राने अशा लोकांना पासपोर्ट रद्द केल्याच्या प्रमाणपत्रावर ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे कार्ड) अर्ज करण्याची मुभा दिली, ही मोठी सोय झाली. तरीही ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही, सरकारी नोकरी बहुतांशी बंद, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र राहते. तुमचे कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

मुलगी बावीस-तेवीस वर्षांची आहे. दोन वर्षे जर्मनीत राहून, तिथली नोकरी, थंडी, भाषा अनुभवून, मग तिने स्वतः ठरवले की मला युरोपातच राहायचे आहे, तर तो तिचा निर्णय असेल आणि तेव्हाही ही वाट तिच्यासाठी बघता येईल. आज चवथीला जमलेल्या नातेवाइकांच्या आग्रहाने घेतलेला निर्णय तिचा नसेल. एके काळी पोर्तुगीज पासपोर्टवर थेट इंग्लंडला जाऊन काम करता येत होते. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२० संपताना ती मोकळीक संपली. बरेच सल्ले अजून त्या काळातले आहेत.

आता पैशांकडे वळते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे.

जर्मनी विद्यार्थ्याकडून एका वर्षाच्या खर्चाची खात्री मागते. सध्याचा आकडा ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांजवळ जाते. हे पैसे जर्मन सरकारला द्यायचे नसतात. ते मुलीच्याच नावावर राहतात, फक्त दर महिन्याला ९९२ च्या हप्त्याने सुटतात. ती तिथे पोहोचून खाते चालू करेपर्यंत कुणालाच हात लावता येत नाही. व्हिसा नाकारला गेला तर नकाराचे पत्र दाखवून रक्कम परत मिळते. म्हणजे हा खर्च नाही, तिच्या पहिल्या वर्षाचा घरखर्च आगाऊ बाजूला काढलेला आहे.

या पद्धतीत तुमच्यासारख्या घराचा एक फायदा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही लिहिता की ट्रकचा धंदा खाणी बंद झाल्यापासून कधी चालतो, कधी नाही, आणि आयकर विवरणपत्रे बारीक आहेत. इतर काही देशांत तुमचे उत्पन्न, बचत कुठून आली, किती दिवस खात्यात होती, हे सगळे बघतात. इंग्लंडला रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते. अमेरिकेच्या मुलाखतीत वडिलांच्या धंद्यावर थेट प्रश्न येतो. जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंट पूर्ण भरलेले असेल तर पैशांचा प्रश्न तिथेच मिटतो. म्हणून उत्पन्न कमी दिसते या चिंतेने कुणाच्या तरी खात्यातून चार दिवस पैसे फिरवून आणण्याच्या भानगडीत पडू नका. मडगावपासून पेडण्यापर्यंत 'शो मनी'ची सोय करून देणारे बसलेले आहेत. जर्मनीसाठी त्याची गरजही नाही, आणि खोटा कागद सापडला तर मुलीच्या नावावर तो डाग कायम राहतो.

उरलेले चार-पाच लाख कर्जातून उभे करायचे. केंद्राच्या हमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. तुमची गरज त्या आत बसते, तेव्हा सरकारी बँकेत पहिला अर्ज याच योजनेखाली करा. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजनाही आहे. पर्वरीला जाऊन तिच्या अटी आणि अर्जाची मुदत विचारून या. मुलीचे जर्मनीतले प्रवेशपत्र आणि तुमचा रहिवासी दाखला बरोबर न्या.

तुम्ही विचारले आहे की घर तारण ठेवून मोठेच कर्ज घ्यावे काय. इथे गोव्यातला कायदा आडवा येतो आणि बँकेच्या काउंटरवर पोहोचेपर्यंत तो लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे नवरा-बायकोच्या मालमत्तेत, वेगळा करार नसेल तर, दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. कागद तुमच्या एकट्याच्या नावावर असला तरी पत्नीच्या सहीवाचून गहाण होत नाही. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर तुमचे सगळे भाऊ-बहीण आणि त्यांचे नवरे-बायका त्यात आले. त्यांची वाटणी इन्व्हेंटरीने, म्हणजे न्यायालयामार्फत, झालेली नसेल तर बँकेचा वकील फाईल परत करणार. घर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत मुंडकार (त्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून असेल आणि मामलेदाराकडे खरेदी पूर्ण झाली नसेल, तरीही तेच. कुळागर कुळ म्हणून कसत असाल तर एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर कुणाचे नाव कोणत्या रकान्यात आहे ते आधी नीट बघा. हे सगळे सोडवायला महिने लागतात, कधी वर्षे. ऑक्टोबरच्या घाईत ते हाती घेऊ नका. साडेसात लाखांच्या आत भागवा.

बँकेत गेल्यावर एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारा: कर्जाची रक्कम तुम्ही थेट ब्लॉक्ड अकाउंटला पाठवाल काय? काही शाखांना याची सवय नसते. त्यांना फक्त विद्यापीठाची फी भरणे ठाऊक असते आणि सरकारी विद्यापीठात तर फी जवळजवळ नसतेच. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातही आता फी आहे, बाकी बहुतेक ठिकाणी फक्त सेमिस्टरचे किरकोळ शुल्क. म्हणून मॅनेजरला समजावून सांगा की इथे राहण्याचा खर्च हाच मुख्य खर्च आहे. आणि हेही लक्षात ठेवा की बँकेचे सँक्शन लेटर वकिलातीला चालत नाही. खात्यात रक्कम जमा झाल्याचे पत्रच लागते. कर्ज मंजूर होणे आणि पैसे जाणे यात तीन-चार आठवडे सहज जातात.

पैसे पाठवतानाची एक बारीक गोष्ट. तुम्ही ११,९०४ युरो पाठवता, वाटेतली बँक आपले वीस-पंचवीस युरो कापून घेते आणि खात्यात जमा होतात ११,८८० च्या आसपास. मग रक्कम पूर्ण नाही म्हणून पत्र मिळत नाही, पुन्हा ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज), पुन्हा स्विफ्टचे शुल्क, पुन्हा आठवडा. फॉर्म भरताना मधल्या बँकांचे शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय निवडा आणि वर पन्नास-शंभर युरो जास्त पाठवा. जास्तीचे पैसे बुडत नाहीत. संदर्भ क्रमांक खाते देणाऱ्या कंपनीने दिलेला जसाच्या तसा लिहायला सांगा. कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस (परदेशी पाठवलेल्या पैशांवर बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही आणि स्वतःच्या पैशांवरही वर्षाला दहा लाखांपर्यंत लागत नाही, तेव्हा तुमच्या बाबतीत तो प्रश्न येऊ नये.

जर्मनीत राहणारे जवळचे कोणी असतील तर आणखी एक मार्ग आहे. ते तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन मुलीच्या खर्चाची हमी लेखी घेऊ शकतात. मग ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही. पण ही हमी कायद्याने बांधणारी असते. मुलीवर सरकारने खर्च केला तर तो त्या माणसाकडून वसूल होतो. सख्ख्या मामा-काकांखेरीज कुणाला हे मागू नका.

आता फाईल. प्रवेशाच्या वेळी तिने एपीएस प्रमाणपत्र काढलेलेच असेल. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते व्हिसासाठी बंधनकारक आहे. गोवा विद्यापीठाच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत, याची दिल्लीतल्या एपीएस कार्यालयाने केलेली ती तपासणी आहे. नसेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आजच अर्ज करा, कारण त्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही.

व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. गोव्याचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. शुल्क ७५ युरो. निकालाला किती दिवस लागतील हे महिन्यावर अवलंबून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या देशाची मुले रांगेत असतात. मी घरच्यांना सांगते की अडीच-तीन महिने हाताशी धरा आणि विमानाचे तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा.

पूर्वी नकार आला तर त्यावर लेखी फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ती सोय बंद केली. आता नकार आला तर नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचे. म्हणून "एखादा कागद राहिला तर मागाहून देऊ" हा आपला नेहमीचा हिशेब इथे महाग पडतो. पहिली फाईल हीच शेवटची समजून तयार करा.

त्या फाईलमध्ये सर्वांत कमी लक्ष ज्याच्याकडे जाते ते म्हणजे मुलीचे हेतुपत्र. बहुतेक मुले लिहितात की जर्मनी हा तंत्रज्ञानात अग्रेसर देश आहे, तिथले शिक्षण जागतिक दर्जाचे आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हे मुलीने सांगायची गरज नाही. त्याला बघायचे असते की हिने केलेला अभ्यास आणि पुढचा अभ्यास यांचा सांधा जुळतो काय. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प खाणीतल्या पंपांच्या कंपनांवर केला होता, पण पत्रात त्याचा उल्लेखच नव्हता. आम्ही पत्र त्या प्रकल्पापासून सुरू केले, त्यातला कोणता प्रश्न सुटला नाही ते लिहिले, आणि त्याच्या नव्या अभ्यासक्रमातले कोणते दोन विषय तो प्रश्न पुढे नेतात ते नावानिशी लिहिले. पत्र एका पानाचे झाले आणि ते दुसऱ्या कुणाचे असूच शकत नव्हते. तुमच्या मुलीने पत्र स्वतः लिहावे. एजंटचे तयार पत्र दहा जणांच्या फायलींत एकसारखे जाते आणि मुलाखतीला बोलावलेच तर तिला स्वतःच्याच पत्रातले शब्द आठवत नाहीत. पदवीनंतर मध्ये वर्ष गेले असेल तर ते लपवू नये. घरी होती, वेर्ण्याच्या कारखान्यात काम केले, जर्मन शिकत होती, जे असेल ते एका वाक्यात लिहावे.

नावांकडे शेवटचे एकदा बघा. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आहे काय, गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मधे आहे आणि पासपोर्टवर नाही काय. एका अक्षराचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्राने भागते. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर वेळ असताना पणजीत पाट्यावरच्या पासपोर्ट कार्यालयातून दुरुस्त करून घ्या. नाहीतर तिथे विमा, बँक, विद्यापीठ प्रत्येक ठिकाणी तिचे नाव वेगळे छापले जाते.

आता तुमच्या पत्नीच्या भीतीविषयी, आणि हे त्यांना वाचून दाखवा. व्हिसा तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा, कधी वर्षाचा मिळतो, हे खरे. तो आत जाण्यापुरता असतो, म्हणून छोटा असतो. मुदत संपायच्या आत तिथल्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात, ज्याला आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात, रेसिडन्स परमिटसाठी अर्ज करायचा. शिक्षणासाठीचा तो परमिट साधारण दोन वर्षांपर्यंत मिळतो आणि पुढे वाढवता येतो. व्हिसा मिळवताना जो अभ्यासक्रम, जी रक्कम दाखवली तेच तिथे पुन्हा दाखवायचे असते. कुणालाही मुदत संपली म्हणून वर्गातून उठवून पाठवत नाहीत. अडचण होते ती मुदत संपेपर्यंत अर्जच न करणाऱ्यांची.

तिथे उतरल्यावरचा क्रम मात्र पाळावा लागतो, कारण एक कागद दुसऱ्यावर टेकलेला आहे. खोली घेतली की दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. तो देत नसेल तर ती खोली घेऊ नये. थोड्या दिवसांसाठी ऑनलाइन खोली भाड्याने देणारे अनेक जण हा कागद देत नाहीत. न पाहिलेल्या घरासाठी गोव्यातून डिपॉझिट पाठवायला कोणी सांगितले तर पाठवू नका. आपल्या बऱ्याच मुलांचे पैसे असे गेले आहेत. पत्ता नोंदला की बँकेचे चालू खाते, मग ब्लॉक्ड अकाउंटमधून पहिला हप्ता, मग विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा, जो तिशीच्या आतल्यांना मिळतो आणि महिन्याला दीडशे युरोच्या घरात पडतो. हे सगळे घेऊन परमिटचा अर्ज.

मोठ्या शहरांत त्या कार्यालयाची भेटीची वेळ मिळायला महिने लागतात. म्हणून पत्ता नोंदवल्याच्या आठवड्यातच वेळ मागावी आणि मागितल्याचा ईमेल जपून ठेवावा. मुदतीच्या आत अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत तिचे राहणे कायदेशीर धरले जाते आणि तसा एक कागद मिळतो. त्या कागदावर चौकोन असतात. जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमापुढे खूण असेल तर ती भारतात येऊन परत जाऊ शकते. तिसऱ्या पोटकलमापुढे असेल तर बाहेर पडल्यावर परत प्रवेश मिळत नाही. व्हिसावर गेलेल्या आणि वेळेत अर्ज केलेल्या मुलीला चौथे लागू होते. तरीही घरात लग्नकार्य निघाले आणि तिकीट काढायची वेळ आली तर त्या खुणेचा फोटो आधी मागवा.

परमिटवर तिला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पहिले सेमिस्टर कामाशिवाय जाईल असे धरूनच हिशेब करा. ९९२ मधून विमा गेला की साडेआठशेच्या आत उरतात. लहान शहरात त्यात खोली आणि जेवण भागते. म्युनिकसारख्या ठिकाणी नुसती खोलीच त्यातले बहुतेक खाऊन टाकते. तुमची मुलगी कोणत्या शहरात जाते आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण म्युनिक किंवा फ्रँकफुर्ट असेल तर पहिल्या वर्षाला आणखी दोन-अडीच लाख वेगळे ठेवा. डिलिव्हरीसारखे स्वतंत्र धंदा म्हणून नोंदवलेले काम विद्यार्थी परमिटवर वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाही, हे तिला आधीच सांगा. विषय किंवा विद्यापीठ बदलायचे झाले तर आधी त्या कार्यालयाला विचारायचे, कारण परमिट त्या अभ्यासक्रमासाठी दिलेला असतो. दुसऱ्या वर्षी परमिट वाढवताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात. तेव्हा तिच्या कामाचे पगारपत्रकही चालते. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा वेगळा परमिट मिळतो.

राहता राहिले, व्हिसा उशिरा आला तर. विद्यापीठाला आजच ईमेल करून विचारा की नावनोंदणीची शेवटची तारीख कोणती आणि उशिरा येण्याची परवानगी कोणत्या तारखेपर्यंत देता. बरीच विद्यापीठे काही आठवड्यांची सवलत देतात, पण ती आधी मागितलेली असावी लागते. ते पत्र आले की पोर्टलवरच्या अर्जाला जोडा. तेही जमले नाही तर प्रवेश पुढच्या सेमिस्टरला नेता येतो की नव्याने अर्ज करावा लागतो, हे प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे. तसे झालेच तर एपीएस प्रमाणपत्राला मुदत नसते, ते पुढेही चालते. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसेही जागेवर राहतात. फक्त मधल्या काळात सरकारने वार्षिक रकमेचा आकडा वाढवला तर फरक भरून नवे पत्र घ्यावे लागते. बँकेला मात्र तारीख पुढे गेल्याचे लगेच लेखी कळवा, नाहीतर मंजूर कर्जाची मुदत संपून सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागेल.